पिशवीतलं किलोचं वजन

किसनराव माझे भाऊजी, म्हणजे माझ्या मोठ्या बहिणीचे, वच्छलाचे, यजमान. भातकुलीच्या अलीकडे त्यांचं शेत आहे. वांगी, पालक, सांबार म्हणजे कोथिंबीर, असा भाजीपाला पिकवतात आणि अमरावतीच्या बाजारात नेऊन विकतात. बाजाराला निघताना एखाद्या वेळी चष्मा घरी राहील, पण पिशवीत एक किलोचं लोखंडी वजन नाही असं कधी व्हायचं नाही. अडत्याच्या काट्यावर माल चढवण्याआधी ते हे वजन ठेवतात. काट्यानं बरोबर एक किलो दाखवलं तरच वांगी चढतात, नाही तर पोती परत गाडीत. काटे इलेक्ट्रॉनिक झाले, लाल आकडे दिसायला लागले, तरी त्यांचं वजन काही सुटलं नाही. उलट ते म्हणतात की आधी दांडी तरी डोळ्यांना दिसायची, आता डब्याच्या आत काय चाललंय ते कोण पाहून राहिलं? हल्ली त्यांना लांबून पाहिलं की अडत्याच हात जोडतो, "ठेवा, किसनभाऊ, ठेवा तुमचं."

एकदा मी त्यांना विचारलं होतं, "भाऊजी, अन् तुमचं वजनच खोटं निघालं तर?"

मी त्यांच्या कुलदैवताला शिवी दिल्यासारखे ते माझ्याकडे पाहत राहिले. "येक गोष्ट पक्की खरी पायजे आपल्यापाशी," ते म्हणाले. "मंग दुनियेचं खोटं पकडता येते."

माणूस वाईट नाही, हे आधीच सांगून टाकतो, कारण पुढं लिहिता लिहिता माझा तोल जाणार आहे. दारू नाही, तंबाखू नाही, कुणाचं काही बुडवलेलं नाही. फक्त संशय. लग्नात आमच्या बापानं दिलेली अंगठी त्यांनी हळद उतरायच्या आत सोनाराकडे नेऊन घासून पाहिली. सोनं अस्सल निघालं, तेव्हा त्यांनी सोनार बदलला. अकोल्याला माझं फुलांचं दुकान आहे. दसऱ्याला मी त्यांच्याकडे झेंडूची टोपली नेतो, तर ते वरची फुलं बाजूला सारून खालची पाहतात. सख्ख्या साळ्यानं भेट आणलेली फुलं! मला राग येतो. इतकी वर्षं झाली, तरी येतो. वर बाई म्हणते, "पाहू दे रे, त्यायचा जीव शांत होते." वच्छलाला मी लहानपणापासून बाईच म्हणतो.

लग्नाकार्यात ते जेवत नाहीत, कारण तेल कोणतं आहे ते ठाऊक नसतं. दवाखान्याची पायरी चढत नाहीत, कारण डॉक्टर आधी रोग लावतात आणि मग तोच बरा करतात. जेवण झालं की जळजळीवर चिमूटभर खायचा सोडा, एवढंच त्यांचं औषध. गावात फिल्टरच्या पाण्याचं मशीन बसलं तेव्हा सगळं गाव कॅन घेऊन धावलं. त्या भागातल्या विहिरींचं पाणी मचूळ, चहा केला तर दूध फाटावं असं. पण किसनराव म्हणाले, "फुकट देऊन राहिले म्हंजे त्यात काईतरी असन." ते विहिरीचंच पीत राहिले. नवरा पितो म्हणून बाईही तेच पीत राहिली. घरात फिल्टरचं पाणी येतं ते पाहुण्यांसाठी, म्हणजे माझ्यासाठी.

या सगळ्या संशयातून जगात एकच माणूस सुटलेलं होतं, ती आमची बाई. तिनं ताटात वाढलेलं न पाहता तोंडात घालायचं. कपाटाची किल्ली तिच्या कमरेला. ती म्हणाली पाणी येणार, की आभाळाकडे न बघता पोती झाकायची. मी एकदा चिडून विचारलं, "साऱ्या दुनियेवर संशय घेता, मंग बाईवर काहून नाही?" तर म्हणाले, "तिच्यात खोट नाई. तपासून झालं माहं." कधी तपासलं आणि कसं, ते त्यांनी सांगितलं नाही. बाई चुलीपाशी तोंडाला पदर लावून हसत होती.

त्यांची एकुलती एक मुलगी प्रतीक्षा. तिचा अकोल्याला मेडिकलला नंबर लागला तेव्हा पेढे वाटायच्या आधी किसनराव येऊन कॉलेज पाहून गेले. यादीत नाव कोणीही छापील, एवढी इमारत काही खोटी उभी करता येत नाही, असं त्यांचं म्हणणं. पोरगी हॉस्टेलला राहते आणि रविवारी जेवायला माझ्या घरी येते. मी दुकानामागच्या खोलीत हार ओवत बसतो आणि ती समोर पुस्तक उघडून मोठ्यानं पाठ करते. पहिल्या वर्षाला शरीर कसं चालतं ते शिकवतात. हृदय झालं, फुफ्फुस झालं, आणि उन्हं तापायला लागली तेव्हा किडनी आणि पचनसंस्था सुरू झाली. ओवता ओवता माझंही निम्मं शिक्षण झालं म्हणायला हरकत नाही.

त्याच दिवसांत त्यांचं एक प्रॅक्टिकल होतं. लिटरभर पाणी प्यायचं आणि नंतर ठराविक वेळानं लघवी मोजायची, म्हणजे किडनी जादा पाणी कसं बाहेर काढते ते कळतं. वर्गातून कोणीतरी पुढं व्हायचं होतं, तर आमची प्रतीक्षा झाली. रात्री तिनं आईला फोनवर हौसेनं सांगितलं, आणि शेजारी बसलेल्या बापानं ते ऐकलं.

दुसऱ्या दिवशी दुकान उघडत होतो तर समोर किसनराव. हातात पिशवी, पिशवीत वजन.

"पोट्टीची किडनी मोजून राहिले ते," ते म्हणाले. "आज मोजतीन, उद्या काढतीन."

मी हसलो. हसायला नको होतं. त्यांनी प्रतीक्षाला कॉलेजातून बोलावून घ्यायला लावलं आणि ती आल्यावर माझ्या बायकोला, इंदूला, म्हणाले, "वहिनी, हिले आत न्या अन् कमरेवर टाके हायेत का पाहा." इंदूनं तिला आत नेलं. दोघी हसून हसून लाल होऊन बाहेर आल्या. टाके नव्हते. किसनरावांनी इंदूच्या तोंडाकडेही जरा निरखून पाहिलं, हीसुद्धा त्यांना सामील आहे की काय म्हणून.

प्रतीक्षा मात्र चिडली नाही. बापाची खोड तिला ठाऊक आहे. तिनं त्यांना माझ्या झेंडूच्या ढिगापाशी बसवलं आणि किडनी समजावून सांगितली. रक्त किडनीत आलं की पाणी, मीठ, साखर, कचरा, असा सगळा बारीक माल आधी गाळून बाहेर टाकला जातो. रक्तातलं प्रोटीन तेवढं मोठं असतं, ते गाळणीतून जात नाही, घरातच राहतं. मग बाहेर टाकलेला माल एका लांब नळीतून जातो आणि वाटेत किडनी कामाचं ओळखून परत घेते. साखर सगळी परत, पाणी लागेल तेवढं परत. उरेल ते लघवीतून जातं.

किसनराव पुढं सरकले. "म्हंजे आधी सगळ्यायले घराबाहेर काढाचं, अन् मंग येकेकाची झडती घेऊन आत घ्याचं?"

"हो बाबा. दिवसभर तेच चालू असते."

"शानी हाय," ते म्हणाले. इतक्या वर्षांत मी त्यांच्या तोंडून कुणाचंही असं कौतुक ऐकलं नव्हतं. "अन् पोटाचं काय?"

तिनं तेही सांगितलं. जठरातलं आम्ल, पित्त, आतड्यातले रस, आणि आतड्याच्या आतल्या बाजूला असलेली बारीक लव, जी पचलेलं सगळं शोषून घेते. एवढी निवड ती करत नाही, पचलं की आत.

"म्हंजे कोनीबी याव अन् घुसाव," किसनराव म्हणाले. "आतडं आपल्या गोपालसारखं हाय." गोपाल म्हणजे मी.

त्या दिवशी ते परत गेले ते किडनीवर खूश होऊन. कॉलेजवर त्यांचा विश्वास बसला नाही तो नाहीच. पण गावात ते किडनीच्या गोष्टी सांगायला लागले, आणि बाजारात अडत्याला म्हणाले म्हणे, की देवानं माणसाच्या पाठीत दोन चौकीदार बसवले आहेत.

प्रतीक्षा मात्र त्या दिवसापासून गप्प गप्प झाली. एका रविवारी पाठ करता करता थांबली आणि म्हणाली, "मामा, किडनी बिघडली तर लवकर बोलत नाही. निम्मीच्या वर जाते, तरी मानसाले पत्ता नसते." मला वाटलं परीक्षेचं बोलतेय. मग तिनं नत्थुजींचं नाव काढलं. नत्थुजी म्हणजे किसनरावांचे शेतशेजारी. धडधाकट माणूस, आता डायलिसिसला अमरावतीच्या खेपा करतो आणि घरी आला की खाटेवर पडून राहतो. "त्यायची विहीर अन् आपली विहीर येकाच झऱ्यावर हाय," ती म्हणाली. "बाबा तेच पानी पितात. वरून रोज सोडा खातात. त्यायचं बीपीही कोनी कधी मोजलं नाही."

खाऱ्या पाण्यानंच तसं होतं का, हे तिला सरांनी ठामपणे सांगितलं नव्हतं. पण तिच्या डोक्यात भरलं ते भरलं. बाप आपल्या डोळ्यांदेखत नत्थुजी होणार आणि आपण पुस्तकात किडनीची चित्रं काढत बसणार, या विचारानं तिला झोप येईना.

सुट्टी लागली तशी ती बीपीचं मशीन घेऊन गावी गेली. आणि त्या घरात जे सुरू झालं ते मी दर आठ-पंधरा दिवसांनी जाऊन पाहत होतो. सगळं घर एकमेकांवर पाळत ठेवून. बाप किती पाणी पितो, कितीदा बाहेर जातो, सकाळी डोळ्यांखाली सूज दिसते का, याकडे पोरीचं लक्ष. पोरीचं आपल्याकडे एवढं लक्ष कशासाठी, याच्यावर बापाचं लक्ष. ते पाणी प्यायचं तर गोठ्यामागं जाऊन पिऊ लागले. ती त्यांचा पेला हुंगून सोडा घेतला का ते पाहू लागली. सोड्याची पुडी तिनं लपवली, तर त्यांनी दुसरी आणून गुरांच्या ढेपेत लपवली.

"हिले कॉलेजवाल्यायनं लावलं माह्या मागं," ते मला बाजूला घेऊन म्हणाले. "पयलं गिऱ्हाइक घरचं पायजे म्हनतात."

एकदा कसंबसं तिनं त्यांच्या दंडाला पट्टा बांधला. वरचा आकडा जास्त आला. किसनराव म्हणाले, मशीन तिच्या हातात, फुगाही तिच्या हातात, आकडा तिला पाहिजे तसाच येणार. मीही दंड पुढं केला, माझा बरोबर आला. ते म्हणाले, "दोघं मामा-भाची येकच." तिनं मग पट्टा आईच्या दंडाला गुंडाळला, बापाला पटावं म्हणून. तेवढ्यात रस्त्यावर टेम्पोचा भोंगा वाजला. बाईनं पट्टा सोडला आणि पालकाच्या जुड्या द्यायला धावली. "माहं राहू दे, मले काय झालं," असं जाता जाता म्हणाली. परत आल्यावर कुणाला आठवण राहिली नाही.

त्याच खेपेला मी पाहिलं की बाईच्या पायात जोडवी नाहीत. मी विचारलं तर म्हणाली, "रुतत होती रे." किसनरावांनी लगेच सांगितलं, "नव्या सोनारानं चांदीत भेसळ केली. बोटं सुजली तिची. सोडत नाई मी त्याले." आणि खरंच पुढच्या बाजाराला ते जोडवी घेऊन सोनाराशी भांडून आले. बाईचं डोकंही दुखायचं त्या दिवसांत. उन्हाचं आहे म्हणायची, फळीवरच्या डब्यातून एक गोळी काढून घ्यायची आणि कामाला लागायची. मी पाहिलं, प्रतीक्षानं पाहिलं, किसनरावांनीही पाहिलं. मेडिकलच्या गोळ्यांवर त्यांचा विश्वास नव्हता, पण बाईनं घेतलेल्या गोळीवर त्यांनी कधी शब्द काढला नाही.

सुट्टी संपत आली. प्रतीक्षानं रक्त तपासू द्या म्हणून विनवलं, रडून पाहिलं, अबोला धरून पाहिला. रक्त द्यायला किसनराव तयार नव्हते. रक्त बाटलीतून बाहेर गेलं की त्याचं काय होतं, कोण सांगणार? शेवटी तिनं अकोल्याहून पट्ट्यांची डबी आणली. लघवी तपासायच्या कागदासारख्या पट्ट्या असतात, त्यांच्यावर रंगीत चौकोन. लघवीत बुडवायची, थोडं थांबायचं आणि डबीवरच्या रंगांशी जुळवून पाहायचं. प्रोटीनचा चौकोन पिवळाच राहिला तर ठीक, हिरवा होत गेला तर गाळणीला भोक पडलंय. "काही घराबाहेर जात नाही, बाबा," ती म्हणाली. "तुमच्या समोर बुडवते, तुमच्या समोर पाहाते. मंग मी तुम्हाले काही म्हननार नाही. मामाच्या देखत वचन देते."

यासाठीच मला रविवारी बोलावून घेतलं होतं. मी पोचलो तेव्हा दुपार टळत होती. पडवीत पालकाचा ढीग पडला होता आणि बाई पाय पसरून जुड्या बांधत बसली होती. मला पाहून तिनं पाय पदराखाली ओढले, उठून फिल्टरचं पाणी दिलं आणि परत बसली. तिचा चेहरा मला भरल्यासारखा दिसला. मी म्हणालो, "बाई, तब्येत सुधारली तुही." ती हसली.

किसनराव बराच वेळ डबी उलटीपालटी करून पाहत होते. मग अचानक म्हणाले, "आन बाटली."

प्रतीक्षानं छोटी बाटली दिली. ते घरामागं गेले. त्याआधीच बाई हात धुवायला मागं गेली होती. थोड्या वेळानं ती येऊन परत जुड्यांपाशी बसली आणि तिच्यामागून किसनराव बाटली घेऊन आले. चेहऱ्यावर अडत्याच्या काट्यासमोर उभं राहिल्यावर असतो तो भाव. मला तो ओळखू यायला हवा होता.

प्रतीक्षानं पट्टी बुडवली, काढली, बाटलीच्या काठावर निथळली आणि आडवी धरली. आम्ही तिघं वाकून पाहत होतो. पिवळा चौकोन बघता बघता हिरवट झाला. मग हिरवा. मग असा गर्द हिरवा की डबीवरच्या रंगांत त्याच्या पुढं एखादाच रंग उरला असेल.

प्रतीक्षानं पट्टी डबीवर ठेवली. "बाबा," ती म्हणाली. ती तिथंच भिंतीला टेकून बसली आणि लहान पोरीसारखी रडायला लागली. मी भाऊजींच्या खांद्यावर हात ठेवायला गेलो.

तर किसनरावांनी मांडीवर जोरात थाप मारली. "पकडली! पकडली का नाई चोरी?"

ते हसत होते. इतके मोकळे हसताना मी त्यांना त्यांच्या लग्नातही पाहिलं नव्हतं.

"माहं नाईच ते," ते म्हणाले. "गोपाल, तू बाजारात पाह्यतं ना मले? माल चढवाच्या आधी काट्यावर काय ठेवतो मी? आपलं खरं वजन ठेवतो. तसंच केलं. तुह्या बाईचं देल्लं. जिच्यात काईच खोट नाई तिचं देल्लं, अन् ह्या पट्टीनं तिलेच रोगी ठरवलं! आता सांग, काटा खोटा हाय का नाई? सांगा ना दोघं!"

प्रतीक्षाचं रडणं थांबलं होतं. ती बापाकडे पाहत नव्हती. ती पडवीतल्या आईकडे पाहत होती. तिच्या तोंडाकडे, हातांकडे, मग खाली. मीही पाहिलं. पाय पदराबाहेर आले होते. जोडव्यांच्या जागी बोटांवर खोल वळ होते आणि घोट्याचं हाड दिसतच नव्हतं. बाईच्या ते ध्यानात आलं. तिनं लुगडं खाली ओढलं आणि जुडीला सुतळीचा फेरा दिला.

प्रतीक्षा उठली, आईसमोर बसली, आणि तिचा पाय हातात घेऊन नडगीवर अंगठा दाबला. अंगठा काढला तरी खळगा तसाच राहिला.

"काय करून राहिली?" किसनराव म्हणाले. आवाजातलं हसू अजून पुरतं गेलं नव्हतं. "पट्टी खोटी हाय. सांगितलं ना मी. पट्टी खोटी हाय."

तिनं दुसऱ्या नडगीवरही अंगठा दाबला.

"माहं पाह्य आता. खरं माहं." ते बाटली विसळून घेऊन स्वतः मागं गेले, भरून आणली आणि पट्टी स्वतःच्या हातानं बुडवली. चौकोन पिवळा राहिला. त्यांनी पट्टी उन्हात नेली, परत आणली, डबीला लावून पाहिली. पिवळाच. "गोपालचं पाह्य," ते म्हणाले. माझंही पाहिलं. तेही पिवळं. काटा बरोबर होता.

किसनराव उंबऱ्यावर बसले. त्यांच्या हातात त्या तीन पट्ट्या होत्या आणि ते एकीकडून दुसरीकडे पाहत होते, जणू त्यातली एखादी आता तरी रंग बदलेल. मला त्यांचा भयंकर राग आला होता. उठून त्यांच्या पिशवीतलं ते वजन विहिरीत फेकावं, असं वाटत होतं. माझ्या बहिणीला तुम्ही काट्यावर ठेवलं, असं ओरडावंसं वाटत होतं. आणि त्याच वेळी कळत होतं, की त्यांनी ठेवलं नसतं तर आम्हाला कुणाला कळलंच नसतं. भाची डॉक्टरकी शिकत होती, मी तिचं पाठांतर ऐकत होतो, आणि दोघं मिळून भलत्याच माणसाकडे टक लावून बसलो होतो.

"पट्टीवरून सगळं ठरत नाही," प्रतीक्षा म्हणाली. ती आईशी बोलत होती, पण आवाज पाठ केल्यासारखा होता. "रक्त तपासाव लागन. बीपी पाहाव लागन. औषध असते, आई. लवकर कळलं तर थांबवता येते." मग हळूच विचारलं, "त्या डोकं दुखाच्या गोळ्या रोज घेत होती का?"

बाईनं मान हलवली. हो म्हणून.

"प्रतीक्षा," किसनराव एकदम उठले. "आयक. माही गलती झाली."

ती वळली.

"बाटल्यायची गडबड झाली माह्याकडून. ते पयलं माहंच व्हतं. मी उगाच मजाक केली तिचं म्हनून. माहंच हाय ते हिरवं."

प्रतीक्षानं त्यांच्याकडे पाहिलं. डोळे बारीक करून, मान किंचित तिरपी करून, थेट त्यांच्यासारखं. त्या नजरेसमोर आजवर कितीतरी अडते उभे राहिले असतील. किसनरावांना ती नजर सोसली नाही. ते माझ्याकडे वळले.

"गोपाल, तू सांग ना तिले. तुह्यासमोर भरली मी बाटली. सांग ना. तुहं आयकन ते."

ज्या माणसानं माझ्या टोपलीतल्या फुलांवरही कधी भरवसा ठेवला नाही, तो माझी साक्ष मागत होता, आणि ती खोटी. माझा राग कुठं गेला कोण जाणे. मला खरंच वाटलं, सांगून टाकावं. हो, मी पाहिलं, भाऊजींनीच भरली. पण समोर बाईचे सुजलेले पाय होते.

"माह्यासाठी आनली ना बाटली?" ते आता पोरीला हात जोडून सांगत होते. "मंग माहंच असन ना. माह्या नावावर लिव. ने मले कुठंबी. रक्त काढ, काय काढाचं ते काढ. मी येतो ना."

बाईनं हातातली जुडी खाली ठेवली. जमिनीला हात टेकत उठली आणि त्यांच्यापाशी जाऊन त्यांच्या हातातल्या पट्ट्या काढून घेतल्या. पिवळ्या दोन बाजूला ठेवल्या, हिरवी आपल्याकडे ठेवली.

"माहं हाय जी ते," ती म्हणाली. "तुमी काहून घेता?"